एकशे त्र्याण्णव जणांचं एक उद्दिष्ट

डॉक्टरांच्या आठवणी लोक आवडीने वाचतात, वकिलांच्या तर मिटक्या मारत वाचतात. जंगलखात्यातल्या माणसाने लिहिलं तर त्यात निदान एक बिबट्या तरी भेटतो. मी एकतीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. त्यात बिबट्या नाही, खून नाही. एकदा एक चोरी झाली होती, तीही कॅन्टीनमधल्या चमच्यांची. माझ्याकडे होते ते फॉर्म. आधी कागदाचे, मग कॉम्प्युटरवरचे. या दिवाळी अंकाच्या संपादकांना मी हे फोनवर स्पष्ट सांगितलं, तर ते म्हणाले, "मग त्या फॉर्मबद्दल लिहा." यंदा जाहिराती कमी आल्या असाव्यात.

तर फॉर्मबद्दल.

आमची कंपनी हडपसरला. आम्ही दुधातलं फॅट मोजायची यंत्रं बनवायचो. गावातल्या डेअरीत शेतकरी दूध घालतो, त्या दुधात फॅट किती यावर त्याला भाव मिळतो. पूर्वी ते काचेच्या नळ्या आणि ॲसिड वापरून मोजायचे. आमच्या यंत्रात थोडं दूध घातलं की मिनिटाभरात आकडा दिसायचा. मालक स्वतः इंजिनियर. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, मीही तेच म्हणते. मी विश्रांतवाडीहून रोज स्कूटरने येत असे आणि पोचेपर्यंत दिवसाचा निम्मा राग खर्च झालेला असे, त्यामुळे ऑफिसात माझी शांत बाई म्हणून ख्याती होती.

मी लागले तेव्हा वर्षाच्या शेवटी प्रत्येक माणसाचा एक पिवळा कागद भरला जायचा. त्याचं नाव गोपनीय अहवाल. तो इतका गोपनीय, की ज्याच्याबद्दल लिहिलाय त्याला तो कधीच दिसायचा नाही. स्टोअर्सच्या एका मॅनेजरांनी एका वर्षी बावीस माणसांच्या बावीस कागदांवर 'काम समाधानकारक, स्वभाव मनमिळाऊ' असं एकाच बैठकीत लिहून दिलं. त्यांतला एक माणूस श्रावणातच नोकरी सोडून गेला होता. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणूनच समाधानकारक."

मग देशाचे दरवाजे उघडले आणि आमचेही. कंपनीला परदेशी भागीदार मिळाला. त्याच्यामागोमाग काचेची केबिनं आली, बटण दाबून चहा देणारं मशीन आलं आणि 'पर्सोनेल' ही पाटी जाऊन 'ह्यूमन रिसोर्सेस' अशी पाटी लागली. पाटीखालची मी तीच होते. आणि सगळ्यात शेवटी ते सॉफ्टवेअर आलं.

ते काय करायचं हे साध्या शब्दांत सांगते. एप्रिलमध्ये प्रत्येकाने त्यात वर्षभराची आपली चार-पाच उद्दिष्टं लिहायची. प्रत्येक उद्दिष्टाला वजन द्यायचं: हे चाळीस टक्के महत्त्वाचं, हे वीस टक्के. सगळ्या वजनांची बेरीज शंभर झाली की पान हिरवं व्हायचं. नव्याण्णव असली तरी लाल. मग वरिष्ठांनी मान्यता द्यायची, दिवाळीनंतर एकदा बघायचं, आणि मार्चमध्ये त्या पानावरून माणसाचं वर्ष कसं गेलं ते ठरायचं. हे सगळं लोकांकडून करून घेणं म्हणजे माझं काम.

पुण्यातल्या माणसांकडून असलं काही करून घेणं सोपं नाही. आमच्या हिशेबनिसांनी दुसऱ्याच वर्षी उद्दिष्टाच्या चौकटीत लिहिलं, 'मागील वर्षीचे पाहावे.' ड्रॉइंग विभागातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी 'प्रगती' या रकान्यात एकच शब्द लिहिला होता : 'आहे.' मी त्यांना म्हटलं, अहो, किती आहे ते लिहायचं असतं. ते म्हणाले, "पुरेशी आहे." एका मुलाने 'सकारात्मक राहणे' असं उद्दिष्ट लिहून त्याला शंभर टक्के वजन दिलं, आणि पान हिरवं झाल्यामुळे त्याच्या मॅनेजरने मान्यताही देऊन टाकली. कारण मॅनेजर मंडळी पानं वाचतच नसत. यादीच्या वर एक चौकट असे. तिच्यावर बरोबरची खूण केली की खालची सगळी नावं निवडली जात, मग एकदाच 'मान्य' दाबायचं आणि जेवायला जायचं.

या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, सामायिक उद्दिष्टाची. आपल्या सोसायटीत प्रत्येक जण आपलं घर झाडतो, पण जिना कोणाचा? तसं काम प्रत्येक कंपनीत असतं. म्हणून एकाने उद्दिष्ट तयार करायचं आणि ते बाकीच्यांना वाटायचं, म्हणजे ते त्या सगळ्यांच्या पानावर दिसू लागतं. त्याचे नियम तीन. मजकूर फक्त मालकाला बदलता येतो, म्हणजे ज्याच्या नावावर ते उद्दिष्ट आहे त्याला. ज्याला मिळालं त्याला ते पुसता येत नाही. ते काम मालकाचं किंवा एचआरचं. आणि ते ज्याच्या पानावर येतं तिथे शून्य वजनाचं येतं. त्याला किती वजन द्यायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. वाचकहो, एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट या तिसऱ्या नियमामुळे घडली.

आमचं जिन्याचं काम म्हणजे दुसरी फेरी. यंत्र विकलं की ते पेटीतून गावाला जायचं, मागून सर्व्हिसचा इंजिनियर एसटीने किंवा मोटरसायकलवर जायचा आणि ते चालू करून द्यायचा. पण दहातल्या चार ठिकाणी त्याला हात हलवत परत यावं लागे. प्लग बसत नाही, फ्यूज नाही, नळी साफ करायचा ब्रश पेटीत टाकायचा राहिला. चार रुपयांच्या वस्तूपायी दुसरी फेरी, आणि तोवर डेअरीवाले आम्हाला जे बोलत ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

सर्व्हिसचे प्रमुख सबनीस. अत्यंत हुशार, अत्यंत प्रामाणिक, आणि बोलले की समोरच्याला पाणी प्यावंसं वाटायचं. साहेबांनी त्यांना सांगितलं, यंदा सामायिक उद्दिष्ट ठेवा : 'यंत्र पहिल्याच फेरीत सुरू झालं पाहिजे.' सबनीस माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, मला दुधाची यंत्रं सुरू करता येतात. हे तुमचं यंत्र तुम्ही सुरू करा." म्हणून त्यांच्या वतीने ते उद्दिष्ट मी तयार केलं. मग त्यांचे अकरा इंजिनियर निवडून 'वाटा' असं बटण दाबलं.

म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात यादीच्या वरच्या त्याच चौकटीत 'सर्व कर्मचारी' अशी आयती खूण असायची, ती आधी काढावी लागे. रोज चार मॅनेजरांना त्या चौकटीवरून ऐकवणारी मी, ती खूण काढायला विसरले. उद्दिष्ट एकशे त्र्याण्णव जणांना गेलं. अकाउंट्सला गेलं, ड्रॉइंगला गेलं, कॅन्टीन सुपरवायझरना गेलं. खुद्द साहेबांना गेलं. साहेबांनीही सगळ्यांसारखंच त्याचं वजन शून्य ठेवलं आणि कोणी काही बोललं नाही. ऑफिसातून नको ते काही आलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, ही सवय सगळ्यांना होती.

एका माणसाने तसं केलं नाही.

मेश्राम डिस्पॅचमध्ये होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, पुण्यात येऊन बारा-तेरा वर्षं झालेली, त्यातली नऊ आमच्याकडे. सडपातळ, कमी बोलणारे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. यंत्र चाचणी होऊन खाली आलं की ते पेटीत भरायचं, पट्टी मारायची, पत्ता लिहायचा आणि ट्रान्सपोर्टच्या गाडीत चढवायचं, हे त्यांचं काम. त्यांचं मुख्य उद्दिष्ट 'दिवसाला चाळीस पेट्या', वजन साठ टक्के. हाती आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही त्यांच्या वडिलांनी त्यांना लावलेली सवय. एकदा आमच्या वॉरंटी कार्डावरची चूक त्यांनी दाखवली होती. ते कार्ड सहा वर्षं छापलं जात होतं. तर त्यांनी हेही उद्दिष्ट वाचलं, पेट्यांच्या साठ टक्क्यांतले चाळीस काढून याला दिले आणि पान हिरवं करून पाठवलं. डिस्पॅचचे मॅनेजर काळे यांनी वरच्या चौकटीत खूण केली आणि ते जेवायला गेले.

मग मेश्राम कामाला लागले. पेटी पाठवण्याआधी ते डेअरीला फोन करू लागले. असाच एक फोन डिस्पॅचच्या दारात उभी असताना मी ऐकला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की फोनची गरज नव्हती.

"तुमच्याकडे यंत्र ठेवायच्या जागी सॉकेट आहे का दादा?"

"हाय की."

"कसा आहे?"

"भिंतीत हाय."

"तसं नाही, भोकं किती आहेत त्याले?"

"थांबा, बघून येतो." बराच वेळ कोंबड्यांचे आवाज. "तीन हायेत. पर एकात पोरांनी काडी मोडलीया."

मेश्रामांनी वहीत नोंद केली : 'तीन, पैकी एक बंद.' आणि त्या पेटीत एक वेगळा प्लग आणि वायरचा तुकडा गेला. पुढे प्रत्येक पेटीत एक कापडी पिशवी जाऊ लागली. तिच्यात फ्यूज, ब्रश, छोटा पेचकस, दोन वॉशर. झाकणाच्या आतल्या बाजूला डेअरीच्या सेक्रेटरीचं नाव, फोन नंबर आणि 'स्टँडवरून उजवीकडे, शाळेमागे' असा पत्ता. मला वाटलं, साध्या हौसेने करतायत. मनात म्हटलं, चांगला माणूस आहे. आणि जिना चढून वर गेले.

दिवाळीनंतर मी सहामाही आढावा काढला, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. 'पहिली फेरी, सहभागी १९३'. मला घाम फुटला. परदेशी भागीदाराच्या माणसाने हे पाहिलं असतं तर भारतातल्या एचआरबद्दल त्याचं जे मत होतं ते पक्कं झालं असतं. आणि सबनीसांनी पाहिलं असतं तर मला नोकरीभर ऐकावं लागलं असतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. अकरा नावं ठेवून बाकीची एकशे ब्याऐंशी मी एका फटक्यात काढून टाकली, चहा घेतला आणि सुटले म्हणून देवाला हात जोडले. वजन सगळ्यांचं शून्य असणार, कोणाला पत्ताही लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मेश्राम माझ्या दारात उभे. दुसऱ्या मजल्यावर ते नऊ वर्षांत तीनदा आले असतील.

"मॅडम, एक विचारू का?"

"या ना, बसा."

बसले नाहीत. "काल माझ्या पानावर शंभर होते. आज साठच दिसते. लाल झालं पान. ते पहिल्या फेरीचं उद्दिष्ट होतं ना, ते गेलं." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्याकडून काही चुकलं का मॅडम?"

त्या क्षणी खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, "नाही हो. सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे. बघते मी."

सिस्टिम हा फार सोशिक प्राणी आहे. त्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी आपापली पापं तिच्या नावावर घातली. मेश्राम "हाव मॅडम" म्हणाले आणि खाली गेले. मी त्यांचं नाव परत घालू शकले असते, पण मग सबनीसांना कळवावं लागलं असतं, आणि कळवायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून मी सोपा मार्ग घेतला. त्यांच्या पेट्यांच्या उद्दिष्टाचं वजन वीस होतं ते परत साठ केलं. पान हिरवं झालं. इतकं व्यवस्थित काम केल्याचं मला समाधानसुद्धा वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

मार्च उजाडला. त्या वर्षी भागीदाराने नवा नियम पाठवला होता : सगळ्या पानांची गुणांनुसार क्रमवारी लावायची आणि तळातल्या दहा टक्के लोकांची यादी करायची. यादीतल्यांना पत्र द्यायचं, तीन महिने बघायचं आणि सुधारणा नसेल तर निरोप. क्रमवारी सॉफ्टवेअर लावत होतं. एकोणीस नावं आली. मी छापील यादी घेऊन वाचत होते आणि चौदाव्या नावावर थांबले. मेश्राम, डिस्पॅच. दिवसाला चाळीस पेट्यांच्या जागी बत्तीस.

बत्तीस का, हे मला माहीत होतं. बाकीच्या आठ पेट्यांच्या वेळात ते फोन करत होते, पिशव्या भरत होते. ज्या कामासाठी त्यांनी वेळ दिला ते त्यांच्या पानावर आता नव्हतंच. ते मी काढलं होतं. त्यांच्या दोन मुली शाळेत शिकत होत्या. त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेत होता, स्वभावाने सरळ. म्हणाला, "उद्या सांगून टाक. तुला फार तर ओरडतील. त्याची नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी मीटिंगला साहेब, सबनीस, काळे आणि मी. आधी सबनीसांचा विषय होता. त्यांनी आकडे मांडले. दहा यंत्रांत चार ठिकाणी दुसरी फेरी लागायची, ती आता जेमतेम एका ठिकाणी लागत होती. साहेब खुर्चीतून पुढे झाले. "सबनीस, कमाल केलीत! काय केलंत नक्की?"

"काही नाही," सबनीस म्हणाले.

"विनय पुरे हो."

"विनय नाही. मी दरवर्षी जे करतो तेच केलं. पोरं म्हणतात, हल्ली पेटीतच सगळं असतं. पेटीत काय असतं हे बघणं माझ्या खात्याकडे नाही, म्हणून मी विचारलं नाही."

साहेब हसले. पुढचा विषय माझा. मी यादी टेबलावर ठेवली आणि वाचायच्या आधीच म्हटलं, "साहेब, चौदावं नाव चुकीचं आहे. ती चूक माझी आहे." मग एप्रिलमधल्या चौकटीपासून सगळं सांगितलं. एकशे त्र्याण्णव जण, मेश्रामांनी दिलेलं चाळीस टक्के वजन, डेअरीला केलेले फोन, माझी दिवाळीनंतरची सफाई आणि सिस्टिमच्या नावावर घातलेली थाप. बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्या टेबलावर माझी चूक पहिल्यांदा सांगत होते, आणि ती लहान नव्हती.

मग काळे म्हणाले, "ते ठीक आहे साहेब, पण आकडा बत्तीस आहे. उद्या भागीदाराने विचारलं तर? आकडा तो आकडा."

साहेबांनी विचारलं, "काळे, बत्तीस पेट्या जातात. आधी चाळीस जायच्या, त्यांतल्या सोळांच्या मागे माणूस दोनदा जायचा. तुम्हाला कुठलं परवडतं?"

काळ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. सबनीस माझ्याकडे बघत होते. आता आलं, असं मी मनात म्हटलं.

"म्हणजे मॅडम," ते सावकाश म्हणाले, "माझ्या खात्याचं उद्दिष्ट तुमच्या चुकीमुळे पूर्ण झालं."

"हो."

"मग अशा चुका जरा नियमित करत चला."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं; ते टिपायला काहीच नव्हतं, म्हणून यादीच्याच कोपऱ्याने टिपलं. चौदावं नाव साहेबांनी पेनाने खोडलं. भागीदाराला जे पत्र गेलं त्यात माझी चूक माझ्या सहीनिशी गेली आणि त्या वर्षी माझी श्रेणी एक घर खाली आली. ते योग्यच झालं. मेश्राम सुपरवायझर झाले आणि नव्या वर्षाचं 'पहिली फेरी' उद्दिष्ट साहेबांनी त्यांच्या नावावर केलं. मालक मेश्राम. आता ते कोणाला वाटायचं हे तेच ठरवणार होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या स्क्रीनवर निरोप आला : 'मेश्राम यांनी तुमच्याबरोबर एक उद्दिष्ट सामायिक केले आहे.' मला वाटलं, आता यांच्याही हातून 'सर्व कर्मचारी'ची खूण काढायची राहिली. यादी उघडून बघितली. सबनीस, अकरा इंजिनियर, चाचणी विभागातले दोघं, आणि मी. मी फोन केला.

"मेश्राम, यात माझं काय काम? मी काय डेअरीत जाते का?"

"नाही मॅडम. पण नवीन इंजिनियर आला की तुम्ही त्याले दोन दिवस हॉलमध्ये बसवता. कंपनीचा इतिहास सांगता. त्यातला एक दिवस मले द्या. पेटी भरू द्या त्याले. तिथे जाऊन काय लागते ते इथेच कळते मग."

बोलणं बरोबर होतं. कंपनीचा इतिहास मी सांगायचे आणि निम्मी मुलं झोपायची, हेही खरं. मी उद्दिष्टाला दहा टक्के वजन दिलं आणि इतर कामांत ते मागे पडलं. त्या वर्षी सात नवे इंजिनियर आले. चौघांना मी खाली पाठवलं. तिघांच्या वेळी पाहुणे होते, हॉल आधीच घेतलेला होता, काही ना काही होतं. सहामाहीला पान उघडलं तर माझ्या नावासमोर मालकाने प्रगती भरलेली होती, सत्तावन्न टक्के, आणि खाली शेरा : 'मॅडमकडून तीन बाकी.'

मी जन्मभर लोकांच्या पानांवर शेरे लिहिले. माझ्या पानावर असा शेरा पहिल्यांदाच आला. राग आला, खोटं कशाला सांगू. पाच मिनिटं मी त्या 'तीन बाकी'कडे बघत बसले. मग त्या तिघांना बोलावून घेतलं आणि त्यांना घेऊन स्वतःच खाली गेले.

मेश्रामांनी तिघांना तीन पेट्या दिल्या, यादी दिली आणि मलाही एक स्टूल दिलं. मुलं पिशव्या भरत होती. मेश्राम पेटीच्या झाकणावर पत्ता लिहीत होते. वर्षभर जे बोलायचं राहिलं होतं ते मी तिथेच बोलून टाकलं.

"मेश्राम, मागच्या वर्षी ते तुमच्या पानावरून गेलं होतं ना, तो सिस्टिमचा प्रॉब्लेम नव्हता. मी काढलं होतं."

"माहीत आहे मॅडम," मान वर न करता ते म्हणाले. "खाली बारीक अक्षरात नाव येते, कोणी काढलं त्याचं."

म्हणजे माझ्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. मी खोटं बोलले आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. माझे कान तापले. तरी उरलेलंही सांगितलं, "आणि मुळात दिलं होतं तेही चुकून. ते तुमच्यासाठी नव्हतंच."

"तेही माहीत होतं. कॅन्टीनवाल्यालेही आलं होतं ना. आम्ही सगळे हसलो त्या दिवशी."

"मग? चुकून आलंय हे माहीत असून तुम्ही ते का करत बसलात? आणि मी काढून टाकल्यावरसुद्धा?"

त्यांनी पेन खिशात अडकवलं. मी एवढं साधं का विचारतेय, हे त्यांना कळत नसावं. झाकण बंद करत ते म्हणाले,

"पेटी तं मीच भरतो ना, मॅडम."